कडेचा हात

आमच्या कॉर्विन्स कोव्ह गावात शिरताना उजव्या हाताला जो मोठा फलक लागतो, त्यावर दोन हात आहेत. बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली, एका हातात कात्री, दुसऱ्यात तारली मासा. खाली गावाचं नाव. हेच हात दुकानातल्या कॅलेंडरवर आहेत, हेच ऑगस्टच्या जत्रेच्या बिल्ल्यावर. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा, हे हात कुणाचे? ते सांगेल, अल्वीना डॉर आजीचे.

अल्वीना डॉर म्हणजे मी. दर ऑगस्टला मिरवणुकीत उघड्या गाडीत बसून मी लोकांना हात हलवून दाखवत आले. माझ्या तोंडाआधी लोक माझ्या हातांकडे बघायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, खूप आवडायचं.

ते हात माझे नाहीत.

मागच्या वसंतापर्यंत हे दोघींनाच माहीत होतं. एक मी आणि दुसरी जिचे ते हात आहेत ती.

माझा मुलगा मर्टन, त्याची मुलगी ब्रिन. आठ वर्षांची, तिसरीत. तिची आई दवाखान्यात कामाला, मर्टन बोटीवर, त्यामुळे शाळेतून तिला आणायचं काम माझं. एके दिवशी गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "आजी, आम्ही आता चित्रं वाचतोय."

"चित्रं बघतात गं. वाचतात ती पुस्तकं."

"नाही. पेल्कीबाई म्हणतात, चित्रही वाचायचं. तीन रकाने करायचे. काय दिसतं, काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. मग त्यावर लिहायचं, मग टॅबवर आवाज भरायचा, आणि शेवटच्या शुक्रवारी सभागृहात सगळ्या गावासमोर पडद्यावर दाखवायचं."

"आणि भाषेचा तास कधी?"

"हाच भाषेचा तास!"

मी सातवीतून शाळा सोडलेली. भाषेचा तास म्हणजे ओळी गिरवणं आणि पट्टी खाणं एवढंच मला ठाऊक. म्हटलं, बरं आहे बाई, या पोरांची मजा आहे.

"आणि मी कुठलं चित्र घेतलंय, सांग?"

मला तेव्हाच कळलं. गाडी मी वळणावर जरा जोरातच वळवली.

"तुझे हात!" ती म्हणाली. "पेल्कीबाईंना इतकं आवडलं की आता सगळा वर्ग तेच वाचतोय. आणि बाईंनी तुला बोलावलंय. मासे कापून दाखवायला."

नाही म्हणायला हवं होतं. गुडघा दुखतो म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ती पोर माझ्याकडे अशी बघत होती, जशी मिरवणुकीत सगळा गाव बघतो. मी म्हणाले, "कात्रीला धार लावायला पाहिजे."

आता त्या फोटोचं सांगते. सहासष्ट सालची गोष्ट. तेव्हा धक्क्यावर तारल्या डब्यात भरण्याचा कारखाना होता. बोटी आल्या की भोंगा व्हायचा, आणि आम्ही बायका चुलीवरचं चुलीवर टाकून धावायचो. लांबच लांब टेबल, मधून फिरत्या पट्ट्यावर मासे येणार, आपण उचलायचे, कात्रीने डोकं उडवायचं, शेपटी उडवायची, डब्यात चार-पाच नीट झोपवायचे. कच्च, कच्च, कच्च. बोटं कापू नयेत म्हणून चिकटपट्टी. शंभर बायकांत सगळ्यांत वेगवान कोण, तर मी. हे मात्र खरं आहे.

माझ्या शेजारी नोनी उभी राहायची. विनोना स्ट्राउट, पण सगळे नोनीच म्हणायचे. ती डावरी. डावऱ्या बाईला नेहमी टेबलाच्या टोकाला उभं करायचे, नाहीतर शेजारणीची कोपरं फुटायची. दुसरी कुणी तिच्या बाजूला उभी राहायला तयार नसे. मी राहायची. त्याचाही मला अभिमान होता.

एक दिवस बोस्टनहून एक फोटोवाला आला. दिवसभर फिरला, कुणाला नाव विचारलं नाही, गेला. पुढच्या वर्षी एका मासिकात फोटो छापून आला. तोंड नाही, नुसते हात. तोवर नोनी नवऱ्याबरोबर कनेटिकटला निघून गेली होती. दुकानात मासिक उघडून बायका घोळक्याने उभ्या होत्या, आणि कुणीतरी म्हणालं, "अल्वीना, हे तुझेच हात गं! एवढ्या वेगाने कापणारी दुसरी कोण आहे?"

मी नाही म्हणाले नाही. एवढंच केलं मी. हो पण म्हणाले नाही, पहिल्या दिवशी.

नंतर म्हणाले.

चौदा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर नोनी गावात परत आली. चर्चच्या मागे म्हाताऱ्या लोकांची घरं आहेत, तिथे राहते. माझ्या घरापासून चालत दहा मिनिटं. दुकानात दिसली की मी मान हलवायची, ती मान हलवायची. फलक तिने पाहिला नसेल असं कसं म्हणू? गावात यायला दुसरा रस्ता नाही.

शाळेत गेले त्या दिवशी मी निळा ब्लाउज घातला होता, केसही करून आले होते. वर्गात चोवीस पोरं. पेल्कीबाई म्हणजे पोरगीच, तिशीची असेल, पण गोड. "मिसेस डॉर, तुम्ही आलात हे आमचं भाग्य," म्हणाली. मी म्हटलं, "भाग्य कसलं, घरी बसून गुडघेच चोळत असते."

पोरांनी करड्या कागदाचे मासे कापून ठेवले होते. मी खुर्चीत बसले, बोटांना पट्टी गुंडाळली. आमच्याकडे प्रत्येकीची गुंडाळण्याची रीत वेगळी असायची. मी वरून मनगटाला चिंधीची गाठ मारते. आईने शिकवलेलं, दुसरं कुणी तसं करत नसे, हे पोरांनाही सांगितलं. पोरं श्वास रोखून बघत होती. टेबलावर मान वाकवलेल्या दिव्यासारखा एक कॅमेरा होता. बाईंनी कळ दाबली, आणि माझे हात समोरच्या फळ्यावर दाराएवढे मोठे दिसायला लागले. त्यांच्या शेजारी, फळ्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, तो फोटो.

अख्खा फोटो. मासिकात आणि मग गावाच्या फलकावर तो कडा कापूनच छापला होता. बाईंनी कुठल्याशा संग्रहालयाच्या साठ्यातून मूळचा शोधून काढला होता. मागे कारखान्याचं नाव लिहिलेली लाकडी पेटी दिसत होती, आणि उजव्या कडेला आणखी एक हात. मी तो पन्नास वर्षांत कधी पाहिला नव्हता. बघितलं आणि नजर खाली, कात्रीवर नेली.

"तो कुणाचा हात आहे?" पहिल्याच बाकावरच्या एका मुलीने विचारलं. तिचं नाव एमरी.

"असेल कुणाचा. शंभर बायका होत्या तिथे," मी म्हणाले आणि मासे कापायला लागले. कच्च, कच्च. कागदाचे असले तरी हात विसरले नव्हते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण म्हणाला, "आजी, तुम्ही यंत्र आहात!" मी म्हणाले, "यंत्र बंद पडतं रे बाळा. मी नाही."

"आता दोन्ही चित्रं वाचा," बाई म्हणाल्या. "काय दिसतं?"

ब्रिनचा हात सगळ्यांत आधी वर. तिचा चेहरा आठवला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. इतकी खुशीत होती. इतरांना न दिसलेलं मला दिसलं, ती खुशी.

"आजी आत्ता उजव्या हाताने कापतेय! आणि फोटोत कात्री डाव्या हातात आहे!"

पन्नास वर्षं गाव त्या फोटोखालून येत-जात होता आणि कुणी पाहिलं नव्हतं. आठ वर्षांच्या पोरीने तीन रकाने आखले आणि पाहिलं.

पण माझ्याकडे उत्तर होतं. केव्हाचं तयार ठेवलं होतं, कुणी विचारलंच नव्हतं म्हणून वापरलं नव्हतं. मी हसून म्हणाले, "अगं, तो उलटा छापलाय. छापखान्यातले लोक, त्यांना काय कळतंय."

"वा!" बाई म्हणाल्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, शपथेवर सांगते. "उलटा असेल तर आपल्याला सुलटा करून बघता येईल. ब्रिन, ये, तूच कर."

ब्रिन फळ्यापाशी गेली आणि बोटाने दोनदा टिचकी मारली. फोटो आरशातल्यासारखा पलटला. कात्री उजव्या हातात आली. "बघा, आली!" ब्रिन म्हणाली. मी श्वास सोडला.

"पण आता पेटीवरची अक्षरं उलटी झाली," एमरी म्हणाली.

सगळ्या पोरांनी माना तिरक्या केल्या. कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं. "म्हणजे आधीचाच बरोबर होता!" "म्हणजे हे आजीचे हात नाहीतच!" "मग कुणाचे?" हेर झाल्यासारखी पोरं नाचत होती. त्यांना खेळ मिळाला होता. पेल्कीबाई माझ्याकडे वळल्या, माझा चेहरा पाहिला आणि त्यांना समजलं. पटकन म्हणाल्या, "चला, डबे काढा." जेवायला अजून वीस मिनिटं होती.

मी बसून पट्टी सोडवत होते. चिंधीची गाठ सुटेना. ब्रिन फळ्यापाशी तशीच उभी होती. तिने फोटो परत पहिल्यासारखा करून ठेवला.

आम्ही गाडीत बसलो. घराच्या वळणावर म्हणाली, "मग कुणाचे आहेत?"

"बेल्ट नीट लाव."

"लावलाय."

"मग गप बस."

आयुष्यात मी खूप जणांना गप केलंय. सासूला, नवऱ्याला, कारखान्याच्या मुकादमाला. पण त्या दिवशी ती पोर खरंच गप बसली, आणि ते मला ऐकवेना.

बुधवारी मी नोनीकडे गेले. जाताना काकवीची बिस्किटं करून नेली. रिकाम्या हाताने जायचं धाडस नव्हतं. तिने दार उघडलं, डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कोण मेलं?" ती म्हणाली.

"कुणी नाही."

"मग बिस्किटं कशाला?"

आत गेले. तिच्या डाव्या हाताची बोटं संधिवाताने मुळांसारखी वाकली आहेत. चहाचा कप ती दोन्ही तळव्यांत धरते. मी ते हात बघायला नको म्हणून खिडकीबाहेर बघत शाळेत झालेलं सगळं सांगितलं. माझा आवाज मलाच कुणा परक्या बाईचा वाटत होता.

नोनीने ऐकून घेतलं. मग उठून कोट आणला, खुंटीवरचा करडा कोट. आतलं अस्तर उलटून दाखवलं. तिथे जत्रेचा बिल्ला टोचलेला होता. हातांचा.

"आले त्याच वर्षी विकत घेतला," ती म्हणाली. "बिल्ले विकणारी पोरगी मला म्हणते, हे अल्वीनाआजीचे हात, तुम्ही नवीन आहात ना गावात? मी म्हटलं, हो बाई, नवीनच."

"तू बोलली का नाहीस?"

"मी? तू दहा मिनिटांवर राहतेस, अल्वीना. चौदा वर्षं. मला वाटलं, येईल एखाद दिवस, विचारेल. निदान म्हणेल, नोनी, मी तुझे हात वापरतेय, चालेल ना? मी हो म्हणाले असते गं. मला कुठे गाडीत बसून मिरवायचं होतं?"

मला वाटतं तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर देता येतं मला.

"शुक्रवारी शाळेत चल," मी म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगू."

"सांगू म्हणजे? मी येऊन तुझा हात धरायचा, आणि लोक म्हणणार, बघा, किती मोठ्या मनाच्या दोघी. नाही बाई. तुझं तू सांग." तिने बिल्ला परत अस्तरात टोचला. चार वेळा सुटला, पण मला मदत करू दिली नाही. "अख्खा फोटो लावलाय म्हणतेस? कडेसकट?"

"हो."

"मग सांगायचं तर सगळं सांग."

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. कडेचा हात. त्या दिवशी पट्ट्यावर मासे कमी येत होते, आणि मजुरी भरलेल्या डब्यांवर मिळायची, म्हणून कमी आले की बायका एकमेकींच्या ढिगावर डोळा ठेवायच्या. नोनीसमोर चांगला ढीग होता. फोटोवाला तिच्या हातांत गुंतला होता, तिचं लक्ष त्याच्याकडे. आणि मी तिच्या ढिगातला मासा उचलत होते.

"तुला माहीत होतं?"

"शेजारी उभी होते मी. आंधळी नव्हते."

"एक दिवस फक्त, नोनी. त्या दिवशी मासे कमी..."

"एक दिवस," ती म्हणाली आणि हसली. मी उठले. डबा मी टेबलावर ठेवून आले.

गुरुवारी शाळा सुटल्यावर स्वयंपाकघरात ब्रिनने टॅब उभा केला. उद्या कार्यक्रम, आणि तिच्या चित्राला आवाज नव्हता. तिने काही मागितलं नाही, नुसता उभा केला. मी समोर बसले.

"लाल ठिपका लागला की बोल," ती म्हणाली.

मी बोलले. "हे हात विनोना स्ट्राउट यांचे आहेत. मी पन्नास वर्षं माझे म्हणून सांगत आले. ते खोटं होतं." आणि थांबले. झालं. वाटलं, टाकलं ओझं पाठीवरून खाली.

ब्रिनने ते वाजवून दाखवलं. त्या डबीतून एका म्हातारीचा चिरका आवाज आला. "शी, पुसून टाक, परत बोलते," मी म्हणाले.

"बाई म्हणतात, पहिलंच ठेवायचं. पहिलं खरं असतं." मग तिने दोन बोटांनी फोटो ओढून मोठा केला. कडेचा तो हात. आणखी मोठा केला. "आजी, या हाताच्या मनगटाला गाठ आहे. चिंधीची."

मी टॅबकडे वाकून बघितलं.

"तू म्हणालीस, तशी गाठ दुसरं कुणी मारत नसे."

"हो."

"मग हा तुझा." तिचा चेहरा उजळला. देवा, तिचा चेहरा उजळला! "तू आहेस चित्रात! आजी, तू आहेसच! काय करतोय तुझा हात? देतोय ना तिला मासा?"

हो म्हणायचं होतं फक्त. दुकानात मासिकाभोवती बायका जमल्या होत्या तेव्हासारखंच. ती लिहिणारच होती, देतोय म्हणून. शेजारीण शेजारणीला मासा देते, किती गोड चित्र. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या असत्या.

"लाल ठिपका लाव," मी म्हणाले.

तिने लावला.

"कडेला जो हात आहे, तो माझा. तो नोनीच्या ढिगातला मासा चोरतोय. आणि त्या एकाच दिवशी नाही."

ब्रिनने ठिपका बंद केला. माझ्याकडे पाहिलं नाही. वहीत तीन रकाने होते, ती तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहायला लागली, आणि मी काय लिहितेस विचारलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी सभागृह भरलं होतं. मर्टन आणि त्याची बायको माझ्या दोन बाजूंना. मर्टनला मी सकाळीच सांगितलं होतं. त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि बोटीवर निघून गेला. पण संध्याकाळी धुतलेला शर्ट घालून आला. नोनी आली नव्हती. मी दोनदा मागे वळून पाहिलं.

आधी कुणाचा कुत्रा, कुणाचं जुनं घर, कुणाच्या काकाची बोट. लोक हसत होते, टाळ्या वाजवत होते. मग तो फोटो आला, भिंतभर. आणि माझा आवाज. मी जमिनीकडे बघत होते. पहिलं वाक्य झालं तेव्हा कुणीतरी खोकलं. कडेच्या हाताचं झालं तेव्हा कुणी खोकलंही नाही. जत्रेच्या समितीतली लोर्ना बार्टर माझ्या पुढच्याच रांगेत होती. तिच्या कोटाला बिल्ला होता. तिचा हात आपोआप त्यावर गेला.

आवाज संपला, आणि फोटोखाली ब्रिनची अक्षरं उमटली. तिसऱ्या रकान्यातला प्रश्न. मी वाचते ते एकेक शब्दावर बोट ठेवल्यासारखी वाचते. सगळ्या सभागृहाचं वाचून झालं होतं, मर्टनने मान खाली घातली होती, तरी माझं चाललं होतं.

"आजीने नोनीआजीची माफी मागितली का?"

बिस्किटं नेली होती. चहा घेतला होता. सगळं सांगितलंही होतं, खिडकीबाहेर बघत. पण तो एक शब्द त्या घरात मी काढलाच नव्हता, आणि हे मला तोवर माहीतसुद्धा नव्हतं.

टाळ्या झाल्या नाहीत. पेल्कीबाईंनी पुढचं चित्र लावलं.

घरी जाताना फलकापाशी मर्टनने गाडीचा वेग कमी केला नाही. ब्रिन मागे बसली होती. ती म्हणाली, "तू रागावलीस?"

"तुझ्यावर नाही."

शनिवारी सकाळी मी नोनीकडे चालत गेले. दहा मिनिटांच्या रस्त्याला मला अर्धा तास लागला. या वेळी हातात काही नव्हतं.